ब्रेकवरचा पाय

१

ब्रेकची एअर काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा खाली चाकापाशी आडवा होऊन निप्पल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, खोलतो. खालचा ओरडतो, "दाब." वरचा दाबतो आणि सांगतो, "दाबलाय." मग खालचा निप्पल खोलतो, नळीतून जुनं ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत पडतात. निप्पल बंद केला की खालचा म्हणतो, "सोड." तोवर वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा उलटी आत शिरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. सगळा कारभार शब्दावर चालतो. मी सोळाव्या वर्षापासून हे काम करतेय.

माझं नाव अक्षदा. लालबागला, मिरची गल्लीच्या मागे, चाळीच्या तळमजल्यावर आमचं दोन गाळ्यांचं गॅरेज आहे. वर आम्ही राहतो: आई, मी आणि धाकटा भाऊ धनेश. गिरणी बंद पडल्यावर अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे गॅरेज टाकलं. चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हा गल्लीतल्या शहाण्यांनी "आता बाई गाडी बघणार का?" असं विचारून घेतलं. त्यातले निम्मे आज माझी गिऱ्हाइकं आहेत. ही बढाई नाही. नाही कशी, आहेच. पण पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की हिला कामातलं काही कळत नसेल.

धनेश आठवडाभर लोअर परळला एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. सुट्टीचा प्रत्येक तास त्याने तीन वर्षं एका जुन्या छोट्या गाडीवर घातला होता. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी ती गाडी घाटापलीकडच्या एका ट्रॅकवर पळवायला मिळणार होती. तिथे एक लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी उजवीकडे वळण आणि समोर भिंत. दीडशेच्या वेगाने यायचं आणि वळणाआधी साठवर आणायचं, प्रत्येक फेरीत. ब्रेक तापतात. तापले की ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल एकदम जमिनीला टेकतं. तसं झालं तर माझा भाऊ भिंतीवर जाणार. गाडीचे ब्रेक माझ्याकडे होते, त्यामुळे भाऊही माझ्याकडे होता.

२

गुरुवारी दुपारी धनेशचा फोन आला. तो ऑपेरा हाऊसच्या पार्ट मार्केटमध्ये उभा होता.

"ताई, रेसिंगवालं ऑइल संपलंय. मंगळवारी येणार म्हणतो."

"रविवारी ट्रॅक आणि मंगळवारी ऑइल. वरातीमागून घोडं."

"साधं घेऊ?"

"साधं तुझ्या पाच फेऱ्या टिकणार नाही. ये तू, बघते."

आणि मला अप्पांचा डबा आठवला. २००९ साली कफ परेडच्या एका शौकीन गिऱ्हाइकाने परदेशातून रेसिंग ब्रेक ऑइलचे दोन डबे आणले होते. एक त्याच्या गाडीत गेला, दुसरा इथेच राहिला. अप्पांनी तो मागच्या भिंतीच्या फळीवर ठेवला आणि कधी उघडला नाही. दसऱ्याला अवजारांची पूजा व्हायची तेव्हा तोही पाटावर यायचा, त्यालाही हळदकुंकू लागायचं. का, ते अप्पांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते गेल्यावर आईने प्रथा चालू ठेवली. सोळा वर्षांचं कुंकू त्या डब्यावर साचून खपली धरली होती.

बुधाजीकाका नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले होते. ते अप्पांबरोबर गिरणीत होते, नंतर आयुष्यभर मेकॅनिक. आता वरळीला बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या टॉवरात तेविसाव्या मजल्यावर घर मिळालंय, पण जीव रमत नाही म्हणून रोज बसने इथे येऊन बसतात.

"पोरी, सोळा वर्षं झाली त्याला," ते म्हणाले.

"सील आहे ना काका. पत्र्याचा डबा, झाकणाखाली फॉइल. ब्रेक ऑइल खराब होतं ते हवेतलं पाणी पिऊन. आत हवाच नाही तर पिणार काय? प्लास्टिकची बाटली असती तर मीच फेकली असती. प्लास्टिकमधून थोडी थोडी हवा जाते. पत्र्यातून नाही जात."

"मग कंपनी तारीख कशाला छापते?"

"नवा डबा विकायला."

"रस्त्यावर चालवणाऱ्याच्या गाडीत घाल, मी तोंड उघडणार नाही. ट्रॅकवर नको. तिथे चुकलेल्याला परत संधी नाय मिळत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या गल्लीत त्या तशाही झोंबतात, पण या वेगळ्या होत्या. मी थिनरचं फडकं घेतलं आणि तारीख वाचायला डब्यावरचं सगळं कुंकू पुसून काढलं. लाल पाणी हातावर आलं. डबा कुठे गळलाय का बघायला मी वर जाऊन तो आईच्या काट्यावर ठेवला. आई मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी घेते, तिचा काटा ग्रॅमला चुकत नाही. डब्यावर भरलेलं वजन छापलं होतं ६१८ ग्रॅम. काट्यावरही ६१८ आलं. मी खाली येऊन काकांना आकडा ऐकवला, जरा जास्तच मोठ्याने.

३

शुक्रवारी सकाळी शटर उघडलं आणि मला काहीतरी कमी वाटलं. दोन मिनिटांनी कळलं की ओलीचा वास नाही.

आमच्या मागच्या भिंतीत वरच्या मोरीचं पाणी मुरतं. बारा महिने ती भिंत ओली असते, हात लावला तर बोटाला पोपडे येतात. त्या सकाळी फळीवरच्या डब्यामागे ताटाएवढा गोल भाग कोरडा खडखडीत होता. कडेने ओल तशीच. मी हात लावून पाहिला. उन्हात तापलेल्या विटेसारखा भुरभुरीत लागला.

वरच्या नळाला पाणी आलं नसेल, मी स्वतःला सांगितलं. वर बादल्या भरल्याचा आवाज येत होता, तरी सांगितलं.

डबा उचलला तर हाताला जड लागला. वर नेऊन काट्यावर ठेवला. ६४१.

"आई, काटा बिघडला का?"

आईने पिठाचा हात पदराला पुसला, एक किलो मिठाचं बंद पाकीट काट्यावर ठेवलं. काट्याने बरोबर एक किलो दाखवलं. मग तिची नजर डब्याकडे गेली आणि तिचा आवाज बदलला.

"ह्याचा कुंकू खंय गेला?"

"मी पुसलं. तारीख बघायची होती."

"आणि उघडतलंस?"

"हो."

"नको गो. त्यांनी कधी उघडल्यानी नाय तो."

"का नाही उघडला, ते सांग. एक कारण सांग, ठेवून देते."

आईकडे कारण नव्हतं. कारण नसताना गप्प बसायला सांगणाऱ्यांचं मी लहानपणापासून ऐकत नाही, त्यात आईही आली. मी डबा घेऊन खाली आले. सीलबंद डब्याचं वजन वाढत नाही. पण वाढलंच असेल तर? बाहेरून आत जायला वाट नाही. म्हणजे वाढलेलं नाही. काल मीच चुकीचं वाचलं असेन. असा हिशेब मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो जमला.

दिवसभर गल्लीत मसाला कुटणाऱ्या डंकांचा धप धप आवाज चालू असतो. आम्हाला तो ऐकूही येत नाही, इतका सवयीचा. त्या दुपारी मला दोन धपांच्या मध्ये आणखी एक आवाज ऐकू यायला लागला. टक. रिकामा पत्रा अंगठ्याने दाबला की होतो तसा. मी डब्याकडे बघितलं की थांबायचा, पाठ फिरवली की पुन्हा टक. माझा घसा सारखा कोरडा पडत होता. संध्याकाळपर्यंत मी दोन बाटल्या पाणी प्यायले.

४

शनिवारी डबा ६७३ ग्रॅम होता, आकडा काकांसमोर माझ्या तोंडून निसटला, आणि भिंतीचा कोरडा गोल जमिनीपर्यंत उतरला होता.

यावर कुणी विचारेल, मग बाई, तू तो डबा उघडलासच कशाला? बरोबर आहे. माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं शास्त्रीय. ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती मुरलंय हे सांगणारं पेनासारखं यंत्र माझ्याकडे आहे. डबा उघडायचा, पेन बुडवायचं, लाल दिवा लागला तर मोरीत ओतायचं, वाद संपला. दुसरं उत्तर असं की धनेश समोर उभा होता, बुधाजीकाका स्टुलावर होते, आणि दोन दिवस मी त्या डब्याची वकिली केली होती. आता तोंडघशी पडायचं मला जमत नव्हतं. सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही. खरं उत्तर हे दुसरं आहे.

फॉइल जागच्या जागी, चकचकीत. मी स्क्रूड्रायव्हर टोचला. इतक्या वर्षांचा बंद डबा उघडला की हवा सुटल्याचा फस्स आवाज येतो. इथे उलटा आला. बराच वेळ, सावकाश, आत ओढल्यासारखा. धनेशच्या कपाळावरचे केस पुढे हलले.

"व्हॅक्युम," तो म्हणाला.

"व्हॅक्युम," मी म्हटलं.

ऑइल मधाच्या रंगाचं होतं, नितळ. मी पेन बुडवलं. हिरवा दिवा लागला. पाणी शून्य. आज दुकानातून आणलेल्या डब्यालासुद्धा इतका स्वच्छ आकडा येत नाही.

"बघा काका!" मी म्हटलं.

बुधाजीकाका उठले, छत्री उचलली. "बघितलं. पाणी नाय. मग पोरी, ते वजन कसलं वाढलं?"

हा प्रश्न मलाही पडला होता, खोटं कशाला बोलू. ते बाहेर गेले आणि मी गाडी जॅकवर घेतली.

५

एअर काढायची तर सगळ्यात लांबच्या चाकापासून. आधी मागचं डावं. धनेश सीटवर बसला, मी गाडीखाली सरकले.

"दाब."

"दाबलाय."

"सोड."

जुनं काळपट ऑइल गेलं, मागून मधाच्या रंगाचं आलं. मग मागचं उजवं. मग पुढचं डावं. बाहेर डंक धपाधप चालू होते, माझी लय लागली होती. अशा कामात मला फार बरं वाटतं. हात आपोआप चालतात, डोकं शांत होतं. पेडल इतकं नेमकं दाबलं जात होतं की मी मनात म्हटलं, पोरगं शिकलं एकदाचं.

शेवटी पुढचं उजवं चाक, ड्रायव्हरच्या दाराला लागून. दार उघडं होतं, मी चाकाशी कुशीवर आडवी. "दाब," म्हटलं. पेडल खाली गेलं. निप्पल खोलला, ऑइल वाहायला लागलं, आणि माझी नजर शटरकडे गेली. धनेश रस्ता ओलांडून येत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहाचे दोन ग्लास. शेजारच्या टॅक्सीवाल्याशी काहीतरी बोलत हसत होता.

निप्पल उघडा होता. ऑइल वाहत होतं. पेडल कुणीतरी दाबून धरलं होतं.

अशा वेळी माणूस किंचाळतो म्हणतात. मी आधी निप्पल बंद केला. हवा शिरली असती. वीस वर्षांची सवय, भीतीच्या आधी हात पोचला. आणि त्याच सवयीने तोंडातून शब्द निघाला.

"सोड."

पेडल सुटलं नाही.

मी कोपरावर उठले. दार आणि गाडी यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, चार बोटांची फट असते. त्या फटीतून आतलं पेडल दिसलं. त्याच्यावर एक उघडा पाय होता. उजवा. पांढरा, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी कातडी सुरकुतलेली, नखं मऊ पडलेली. पाचही बोटं पेडलच्या कडेवर वळवून घट्ट धरलेली होती. घोट्याच्या वर अंधार होता. मी वर पाहिलं नाही. पाहू शकत होते, मान तेवढी वळत होती. नाही पाहिलं.

"ताई, चहा!" धनेश शटरमध्ये आला.

चक असा आवाज झाला आणि पेडल वर आलं. मी धडपडत उठले. सीट रिकामी होती. पायाखालच्या रबरी मॅटवर बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत.

"तू कधी उतरलास?" मी विचारलं.

"कधीचा! दुसरं चाक लागलं तेव्हाच फोन आला ना. तुला ओरडून सांगितलं, जरा थांब म्हणून. तू थांबली नाहीस का?"

दुसऱ्या चाकापासून. म्हणजे सलग तीन चाकं. मी आठवायला लागले. "दाबलाय" असं मला ऐकू येत होतं का? की नुसता पेडलचा आवाज ऐकून मी पुढे जात होते? आजही शपथेवर सांगता येत नाही.

६

धनेश सीटवर बसला, पेडल दाबलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ताई, दगड! असलं पेडल या गाडीला कधीच नव्हतं. दाबून बघ!"

"धनू, हे ऑइल काढायचं. सगळं."

"काय?"

"साधं नवीन घालू. तू फेऱ्या कमी मार."

तो सीटवरून उतरला. मग म्हणाला, "सील आहे असं कोण म्हणालं? पाणी शून्य असं कोणी दाखवलं? बुधाजीकाकांना तोंडावर पाडलंस, आणि आता काम झाल्यावर काढायचं? कारण सांग. एक कारण सांग, काढतो."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. आईला बोलले तेव्हा ते किती कडू होतं, आता कळलं. मी त्याला पायाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही, तेवढी अक्कल त्याच्यात आहे. पण म्हणाला, "ताई, तू तीन दिवस नीट झोपली नाहीयेस. मी उद्या जाणार. तुला काढायचं तर एकटी काढ, मी पेडलवर बसणार नाही." आणि टायर आणायला निघून गेला.

वर जाऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती रडली, पण आनंदाने.

"भियातंस कित्याक? तुझो बापूसच असतलो तो. पोराक सांभाळूक इलो."

अप्पांच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता. गिरणीत साच्यात, म्हणजे मागात, गेला होता, माझ्या जन्माच्या आधी. लहानपणी मी त्या जागेवर बोट ठेवून हसायची. मी पाहिलेल्या पायाला पाच बोटं होती, पाचही धडधाकट. आईला हे सांगून काय करायचं होतं? तिने डोळे पुसले आणि देवापुढे दिवा लावला. मी खाली गेले.

७

पाच वाजले होते. उतरतं ऊन शटरमधून गाडीच्या टपापर्यंत आलं होतं. मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी होती.

एकट्या माणसालाही ऑइल काढता येतं. निप्पल खोलून ठेवायचा, वजनाने हळूहळू गळतं. मी पुढच्या उजव्या चाकाला नळी लावली, निप्पल खोलला आणि बाटली धरून बसले. पाच मिनिटं गेली. एक थेंब पडला नाही. भरलेली टाकी, उघडी नळी, आणि थेंब नाही. खाली बसून मी रिकाम्या नळीकडे बघत होते आणि मला कळलं की मी कशाची तरी वाट बघतेय. तेही वाट बघत होतं.

मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपेक्षा रागच जास्त होता. माझ्या गॅरेजात, माझ्या भावाच्या सीटवर, न विचारता येऊन बसायचं आणि वर मला खेळवायचं?

"बसलायस ना?" मी मोठ्याने म्हटलं. "मग काम कर. इथे फुकट कुणी बसत नाही. दाब!"

पेडल खाली गेलं. नळीतून ऑइल आलं.

"सोड. दाब. सोड. दाब."

मी वर पाहिलं नाही. शब्दावर काम चालू ठेवलं. बाटली एक लिटरची होती आणि डब्यात ऑइल होतं अर्धा लिटर. बाटली भरली. मी दुसरी घेतली. तीही भरायला लागली. मधाच्या रंगाचं, नितळ, शेवटपर्यंत तसंच. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, ओठ चिरले होते, शब्द फुटत नव्हता तरी मी तो ढकलत होते. दुसरी बाटली काठोकाठ झाली तेव्हा नळीत बुडबुडे आले, मग नुसती हवा.

"संपलं. सोड."

सुटलं नाही.

"सोड म्हणते ना!" मी पाना जमिनीवर आपटला. "हे घर आमचं आहे. ब्रेक आमचा आहे. पोरगं आमचं आहे. तुझं इथे काही नाही. सोड!"

पेडल धाडकन वर आलं. सगळी गाडी जॅकवर हलली. मग कुठेच काही आवाज राहिला नाही, फक्त बाहेरचे डंक.

टायर घेऊन धनेश आला, दोन भरलेल्या बाटल्या पाहिल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या ब्रेक ऑइलचा त्याच वर्षाचा नवा डबा घेऊन आला. पेडलवर तो बसला. मी अट घातली, सतत बोलत राहायचं, क्षणभर गप्प बसायचं नाही. त्याने अर्धा तास मला शिव्या घातल्या. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

"मऊ आहे पेडल," शेवटी तो म्हणाला.

"मऊच असू दे. दोन फेऱ्या जोरात, एक हळू. ब्रेक थंड होऊ दे, मग परत दोन. कबूल?"

"कबूल, बाई."

८

रविवारी दहा वाजता त्याने गाडी ट्रॅकवर काढली. मी सरळ पट्ट्याच्या शेवटी, कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले. वळण दीडशे मीटरवर असल्याची पाटी आहे तिच्या जरा मागे, गाडी पाठमोरी दिसेल अशी.

पहिल्या फेरीत तो दीडशे मीटरच्या पाटीशी आला, मागचे लाल दिवे लागले, गाडीचं नाक खाली गेलं, वळली. दुसऱ्या फेरीतही तसंच. मग हळू फेरी. पोरगं शब्दाला जागलं. साधं ऑइल, नवं ऑइल, पुरे होतं.

पुढच्या जोराच्या फेरीत गाडी पाटीशी आली आणि दिवे लागले नाहीत. पाटी मागे गेली. शंभरची पाटीही मागे गेली. इंजिनचा आवाज उतरत नव्हता. भिंत आणि गाडी, मधे काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात दिवे लागले, लख्ख, टायर किंचाळले, गाडी भिंतीच्या कडेकडेने वळली आणि पुढे गेली.

मी पळत पिटमध्ये, गाड्या थांबतात तिथे, पोचले. गाडी उभी होती, इंजिन बंद. धनेश हेल्मेट काखेत धरून माझ्याकडे येत होता, पांढराफटक आणि तरीही हसत.

"ताई, मी मेलो होतो! सूर्य डोळ्यांवर आला, पाटीच दिसली नाही. माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता गं, शेवटपर्यंत, शप्पथ. आणि ब्रेक आपोआप लागले. काय ब्रेक बनवलेस तू!"

त्याने मला मिठी मारली. त्याचं अंग घामाने थबथबलेलं, गरम, जिवंत होतं. मी त्याला घट्ट धरलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

गाडीत कुणी नव्हतं. दार बंद होतं. आणि मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले होते.

पेडलखालचा स्विच अडकला असेल. होतं असं. चाळीस रुपयांचा स्विच, मी शेकडो बदललेत. मी हे मनात म्हणत असतानाच दिवे विझले. मग पुन्हा लागले. सावकाश, कुणी पाय बदलून बसावं तसे.

आई म्हणाली असती, बघ, वाचवलं ना पोराला. वाचवलं, खरं आहे. उपकार झाले. पण जो मर्जीने दाबतो तो मर्जी फिरली तर दाबणारही नाही. पुढच्या वेळी भिंत जवळ येईल आणि वरून "दाबलाय" येईल, आणि दाबलेला नसेल. माझ्या भावाच्या ब्रेकवर त्याचा स्वतःचा पाय हवा. चुकला तर चुकू दे, पण त्याचा.

"धनू, तू इथेच थांब," मी म्हटलं. "पाणी पी."

"तू कुठे चाललीस?"

मी चालत गाडीपाशी गेले. दाराच्या हँडलवर हात ठेवला, ते उन्हात असूनही गार होतं. काचेतून आत पाहिलं नाही. पेडल परत घ्यायला सँडल काढून बाहेर ठेवल्या आणि दार उघडलं.

"सरक," मी म्हटलं, आणि आत बसले.